डोळ्याला दिसणारी चूक आणि हाताला न जमणारी रेघ

कोऱ्या कागदावर पट्टी न घेता एक आडवी रेघ ओढा. मग बोटभर जागा सोडून, अगदी तिच्याच ओळीत दुसरी रेघ ओढून पाहा. दुसरी रेघ केसभर वर जाईल किंवा खाली येईल, आणि ती चुकल्याचं तुम्हाला त्याच क्षणी कळेल. बुलेट जर्नलचं, म्हणजे ठिपक्यांच्या वहीत दिवस आणि कामं नोंदवण्यासाठी स्वतः हाताने आखायच्या रोजनिशीचं, पान मांडताना होणाऱ्या बऱ्याचशा घालमेलीचं मूळ या 'त्याच क्षणी कळण्यात' आहे, असं माझं मत आहे. 'मला चित्रकला येत नाही' म्हणून वही कोरी ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हातात काही कमी असतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांचा डोळा चांगला असतो, एवढंच.

दोन रेघांची टोकं एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखण्याच्या क्षमतेला 'व्हर्नियर तीक्ष्णता' म्हणतात. पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ साली वर्णन केलेली सूक्ष्म मोजपट्टी याच क्षमतेवर चालते, म्हणून हे नाव. चांगल्या उजेडात सरावलेल्या डोळ्याला सुमारे ५ विकलांची चूकही ओळखता येते. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला. वही डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरली, तर ५ विकला म्हणजे साधारण एका मिलिमीटरचा शंभरावा भाग होतो. माणसाचा केस याच्या पाच ते दहा पट जाड असतो.

नवल पुढेच आहे. डोळ्याच्या पडद्यावर, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या मध्यभागातसुद्धा, दोन शेजारच्या शंकुपेशींमध्ये (प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये) सुमारे ३० विकलांचं अंतर असतं. म्हणजे डोळा स्वतःच्या पेशींमधल्या अंतराहूनही बारीक फरक पकडतो. रेघेच्या सगळ्या लांबीवरून आलेले संकेत मेंदू एकत्र करतो आणि तिची जागा ठरवतो, म्हणून हे शक्य होतं. गेराल्ड वेस्टहायमर यांनी १९७५ साली या क्षमतेला 'अतितीक्ष्णता' अशा अर्थाचं नाव दिलं.

आता हाताकडे वळू. अगदी निरोगी, तरुण हातसुद्धा पूर्ण स्थिर नसतो. त्याला सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीकसा कंप असतो. एरवी तो दिसत नाही. पण जीव मुठीत धरून, सेकंदाला एक सेंटिमीटर अशा गतीने तुम्ही रेघ ओढता, तेव्हा त्या एका सेंटिमीटरमध्ये दहाएक सूक्ष्म लाटा उमटायला वाव मिळतो. त्यात स्नायूंचा स्वभाव असा, की जोर वाढला की त्यातली अनियमितताही वाढते. क्रिस्टोफर हॅरिस आणि डॅनियल वोल्पर्ट यांनी १९९८ साली दाखवलं, की हाताच्या आणि डोळ्याच्या हालचालींचं एकूण वळणच या गोष्टीवरून समजावता येतं: मेंदू अशी वाट निवडतो जिच्यात या अनियमिततेमुळे होणारी चूक कमीत कमी राहील. मेंदूने सगळं बरोबर केलं तरी थोडी चूक उरतेच. पेन घट्ट आवळून धरणं हा म्हणूनच वाईट उपाय आहे.

हात चुकतोय हे दिसल्यावर तो वाटेत सुधारता येत नाही का? येतो, पण उशिरा. रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ साली, पेन्सिलने रेघा ओढणाऱ्या माणसांचा अभ्यास करून, हालचालीचे दोन टप्पे वेगळे केले. आधी एक ठरवून दिलेला झोत, आणि शेवटी डोळ्याने पाहून केलेली दुरुस्ती. डोळ्याने पाहिलेलं हातापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. झपकन ओढलेली रेघ तेवढ्या वेळात दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सावकाश ओढावी तर कंप दिसतो, भरभर ओढावी तर दुरुस्ती हुकते. वेग आणि अचूकता यांची ही देवाणघेवाण पॉल फिट्स यांनी १९५४ साली गणिती सूत्रात बसवली, आणि आजही पडद्यावरची बटणं किती मोठी असावीत हे ठरवताना ते सूत्र वापरलं जातं.

थोडक्यात, एकाच माणसाच्या अंगात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणारा परीक्षक आहे आणि अर्ध्या मिलिमीटरची खात्री देऊ न शकणारा कारागीर आहे. परीक्षक शांत बसत नाही, आणि कारागीर त्याच्या तोडीचा होणार नाही. कितीही सराव केला तरी ही तफावत मिटत नाही. मला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

मग रेघ चुकली की छातीत धस्स का होतं? चूक घडल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागातून एक विद्युत संकेत निघतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून तो स्वतंत्रपणे टिपला. 'चुकलं' असा विचार शब्दांत यायच्या आधीच तो येऊन गेलेला असतो. तो बंद करता येत नाही, करूही नये, कारण शिकणं त्याच्याच आधारावर चालतं. आपल्या हातात आहे ते एवढंच: त्या क्षणी पानावर पेन असावं की पेन्सिल.

पेन्सिलच्या कच्च्या आराखड्याबद्दल मी आग्रही आहे, आणि त्यामागे रसायन आहे. शाई पातळ असते. कागदाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून ती केशाकर्षणाने आत ओढली जाते आणि तिथेच सुकते. ग्रॅफाइट आत जात नाही. त्याचे पापुद्र्यांसारखे थर एकमेकांवरून घसरतात, आणि तंतूंच्या उंचसखल पृष्ठभागावर अडकून राहतात. रबर फिरवलं की ते कण कागदापेक्षा रबराला जास्त चिकटतात आणि निघून येतात. रबराचा हा गुण जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० साली नोंदवला. त्याआधी पेन्सिलचे डाग पावाच्या मऊ तुकड्याने पुसत. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिल कडक किंवा मऊ करायची युक्ती निकोला-जाक काँते यांची, १७९५ सालची. कडक पेन्सिल फिकट उमटते, पण दाबून चालवली तर कागदात चर पाडते, आणि चर खोडला जात नाही. एचबी घ्या आणि हात हलका ठेवा. वरून शाई फिरवल्यावर ती पूर्ण सुकू द्या. घाईने खोडलं तर काळी शाई करडी पडते.

पण पेन्सिल फक्त पुसता येते म्हणून चांगली, असं मानणं म्हणजे तिचा मोठा गुण विसरणं. आराखडा काढताना माणूस स्वतःशी बोलत असतो. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वर्स्की यांनी १९९७ साली वास्तुरचनाकारांना त्यांनी स्वतः काढलेली स्केचेस पाहून विचार सांगायला लावले. अनुभवी रचनाकारांना आपल्याच रेघांमध्ये काढताना मनातही नसलेली नाती दिसत होती: ही जागा त्या जागेशी जुळते, इथे वाट तयार होते. स्केच अस्पष्ट असतं म्हणूनच त्यात असं काही सापडायला जागा राहते. म्हणून आठवड्याचं पान थेट वहीत काढण्याआधी रद्दी कागदावर आगपेटीएवढ्या चार-पाच चौकटी काढा आणि प्रत्येकीत पूर्ण पानाची मांडणी बसवा, प्रत्येकी अर्ध्या मिनिटात. एवढ्या लहान चौकटीत नक्षी बसतच नाही, त्यामुळे नजर आपोआप मोठ्या भागांकडे जाते: मथळा कुठे, दिवस कुठे, रिकामं काय ठेवायचं.

मग मोजणी. ए-फाइव्ह पान १४८ बाय २१० मिलिमीटरचं असतं. ठिपक्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर धरलं, तर रुंदीत २९ आणि उंचीत ४२ घरं बसतात. (छापील ठिपके कडेपर्यंत नसतील तर काही घरं कमी होतात, म्हणून आपल्या वहीची घरं एकदा मोजून शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत.) मथळ्याला ६ घरं दिली की उंचीत ३६ उरतात. सात दिवसांना प्रत्येकी ५ म्हणजे ३५. एक घर शिल्लक. बहुतेकांची पहिली चूक इथे होते. ते एक घर कुणाला द्यायचं हे आधी ठरवलेलं नसतं, आणि शनिवारवर आल्यावर ध्यानात येतं. ते तळाच्या समासाला द्या.

ओबडधोबड रेघांची पानंही नेटकी दिसू शकतात, याचं कारण आकलनाच्या अभ्यासात आहे. माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ साली मांडलं, की जवळ असलेल्या गोष्टी आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी डोळा एक गट म्हणून पाहतो. पान व्यवस्थित आहे की नाही हे ठरवताना आपण रेघा मोजत बसत नाही, गटांमधल्या मोकळ्या जागा वाचतो. प्रत्येक दिवसाच्या पाच घरांपैकी शेवटची दोन मोकळी सोडली आणि ती सगळीकडे सारखीच सोडली, तर रेघ जराशी झुकलेली असली तरी चालून जातं. उलट पट्टीने आखलेल्या रेघा आणि कमी-जास्त अंतरं असतील, तर पान अस्ताव्यस्त दिसतं.

परीक्षक डोळ्याला थोडं चकवताही येतं. व्हर्नियर तीक्ष्णता दोन टोकं जवळजवळ असताना सर्वांत जास्त असते. अंतर वाढलं की ती घसरते. त्यामुळे चौकटीचे कोपरे काटेकोर जुळवायचा प्रयत्न केला, की तिथेच चूक सर्वांत जास्त दिसते. कोपरे मोकळे सोडा, किंवा दोन्ही रेघा एकमेकींना छेदून थोड्या पुढे जाऊ द्या. हाताने आराखडे काढणारे वास्तुरचनाकार असंच करतात. जुळलं की चुकलं हा प्रश्नच तिथे उरत नाही. आणि लांब रेघ ओढताना बोटं किंवा मनगट न वापरता कोपरापासून हात हलवा. मनगट हा छोट्या कंसाचा मध्य आहे. त्याने काढलेली लांब रेघ वळणारच. वही तिरकी करून हाताला सोयीची दिशा दिली तरी बराच फरक पडतो. नजर पेनाच्या टोकावर नको, रेघ जिथे संपवायची त्या ठिपक्यावर हवी.

चित्रं वाईट येतात म्हणून ती टाळणाऱ्यांसाठी एक प्रयोग मला नेहमी सांगावासा वाटतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी लोकांना साधे शब्द दिले. काही शब्दांचं चित्र काढायचं, काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे. दोन्हींना ४० सेकंद. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात चित्र काढलेले शब्द स्पष्टपणे जास्त आठवले. चित्र काढायला फक्त ४ सेकंद दिले तरी फायदा टिकला, आणि चित्र चांगलं आलं की वाईट याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. चित्र काढताना त्या वस्तूचा अर्थ मनात आणावा लागतो, तिचं रूप डोळ्यापुढे उभं करावं लागतं आणि हात त्यानुसार हलवावा लागतो. एकाच गोष्टीच्या तीन खुणा तयार होतात. दंतवैद्याच्या भेटीपुढे काढलेला तो दात मुळ्यासारखा दिसला, तरी त्याने आपलं काम केलेलं असतं.

लोक काय म्हणतील ही भीतीही असतेच, विशेषतः दुसऱ्यांची सुबक पानं रोज पडद्यावर पाहताना. थॉमस कुरन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र केली, तेव्हा परफेक्ट असण्याचा ताण वाढत गेलेला दिसला, आणि 'इतरांची माझ्याकडून तशी अपेक्षा आहे' हा प्रकार सर्वांत जास्त वाढलेला होता. पण इतरांचं आपल्याकडे लक्ष किती असतं? थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली छापलेल्या प्रयोगात, लाज वाटेल असा शर्ट घालून विद्यार्थ्यांना भरल्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्यांनी तो पाहिला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता.

बुलेट जर्नल या पद्धतीचा जनक रायडर कॅरल हा डिजिटल डिझायनर. लहानपणापासून लक्ष एकाग्र करण्याची अडचण असल्याने त्याने ती स्वतःसाठी घडवली आणि २०१३ साली लोकांपुढे ठेवली. मूळ पद्धतीत नक्षी नव्हतीच: कामाला ठिपका, घटनेला गोल, टिपणाला छोटी आडवी रेघ. काम राहून गेलं की ठिपक्यावरच बाणाचं टोक काढायचं आणि ते पुढच्या पानावर न्यायचं. राहून जाण्यालाही त्यात स्वतःची खूण आहे, आणि तिच्यासाठी काहीही खोडावं लागत नाही. मला या वहीतलं सर्वांत सुंदर चिन्ह तेच वाटतं.

माझ्या सध्याच्या वहीत एका आठवड्याचे रकाने उभे आहेत, आणि मोजताना चुकल्यामुळे गुरुवार एक घर जास्त रुंद झाला. शाई फिरवून झाली होती, त्यामुळे तसाच राहू दिला. आठवडा संपल्यावर पाहिलं तर बाकी रकान्यांत जागा उरली होती आणि गुरुवार काठोकाठ भरला होता. मागची पानं उलटली. गुरुवारी दर वेळी अक्षर बारीक करत समासात शिरलेलं होतं. पुढच्या आठवड्यासाठी आगपेटीएवढ्या चौकटीत पुन्हा आराखडा काढला, आणि गुरुवारला दोन घरं जास्त दिली.