नावं घेऊन मानलेले उपकार

'आभार' या शब्दाच्या पोटात 'भार' आहे. उपकारांचं ओझं, उपकाराखाली दबणं, उपकार फेडणं... या बाबतीतली आपली भाषा अर्धी हमालाची आणि अर्धी सावकाराची. ज्या रोमन जगात पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, तिथलीही तऱ्हा हीच होती. मदत घेतली की माणूस देणाऱ्याचा मिंधा. सकाळी त्याच्या दारी सलामीला हजर राहायचं, चारचौघांत त्याची थोरवी गायची आणि वेळ आली की त्याच्या बाजूनं उभं राहायचं. द्यावं कसं, घ्यावं कसं आणि कृतघ्न कुणाला म्हणावं, यावर तत्त्वज्ञ सेनेकानं सात भागांचा ग्रंथ लिहिला, तोही पहिल्याच शतकात.

मंडळीतल्या प्रार्थनेत मात्र वाक्य निराळं वळतं: 'प्रभू, या भावाबद्दल, या बहिणीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो.' मदत केली माणसानं, आभार देवाचे. आणि तो माणूस दोन बाकं सोडून बसलेला, सगळं ऐकतोय. नव्यानं आलेल्याला हे तिरकस वाटतं. हे वळण पडलं पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांत.

त्या काळी ग्रीकमधून पत्र लिहिण्याचा एक ठरलेला साचा होता. आधी कुणाकडून कुणाला, मग खुशाली आणि बऱ्याचदा देवाला उद्देशून एखादं आभाराचं वाक्य. दुसऱ्या शतकातलं एक पपायरसवरचं पत्र या बाबतीत प्रसिद्ध आहे. एपिओन नावाचा इजिप्तचा तरुण रोमन आरमारात भरती होऊन इटलीतल्या मिसेनमला पोचला आणि तिथून त्यानं बापाला पत्र धाडलं. समुद्रात जीव धोक्यात आला होता, सेरापिस देवानं वाचवलं म्हणून त्याचे आभार. प्रवासखर्चाला तीन सोन्याची नाणी मिळाली, माझं चित्र पाठवतोय, आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस. गोड पत्र आहे. पण त्यातले आभार कशाबद्दलचे, ते बघा: मी वाचलो, याबद्दलचे.

पौलानं तोच साचा घेतला आणि आभारांचं कारण बदललं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या पत्रांपैकी हे सर्वांत जुनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची सुरुवातच अशी, की पौल आणि त्याचे सोबती सिल्वान नि तीमथ्य तुम्हा सर्वांबद्दल देवाची नित्य उपकारस्तुती करतात. मी वाचलो म्हणून नव्हे, तुम्ही आहात म्हणून. पुढे बहुतेक पत्रांत हा परिच्छेद ठरलेल्या जागी येतो. गलतीकरांच्या पत्रात तो येत नाही. नमस्कार झाला की पौल थेट 'मला आश्चर्य वाटतं' इथूनच सुरू करतो. ज्यांना हा साचा ठाऊक होता, त्यांना ती गाळलेली जागा नक्कीच टोचली असणार.

करिंथचं प्रकरण मला त्याहून मोलाचं वाटतं. त्या मंडळीत तट पडले होते. लोक एकमेकांना कोर्टात खेचत होते, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाला, कुणी उपाशी राही तर कुणी पिऊन तर्र होई. पौलाला हे सगळं ठाऊक होतं, कारण त्याबद्दल त्यानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात खडसावलं आहे. तरी त्याच पत्राच्या चौथ्या वचनात तुमच्याविषयी देवाचे आभार, आणि अकराव्यात तुमच्या भांडणांची बातमी माझ्या कानावर आलीय. आधी आभार, मग कानउघाडणी, ही शैलीची चतुराई आहे असं म्हणता येईल, आणि थोडी ती होतीही. पण सुधारल्यावर आभार मानू, अशी अट त्यानं घातली नाही, एवढं खरं.

या शहराशी एक गमतीचा धागा जुळतो. करिंथमध्ये विरोधकांनी पौलाला ज्या सुभेदार गल्लियोपुढे उभं केलं, तो सेनेकाचा सख्खा भाऊ. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियोचा कारभार इ.स. ५१ च्या आसपासचा ठरतो आणि पौलाच्या आयुष्याच्या बऱ्याच तारखा त्यावरूनच लावल्या जातात. उपकारशास्त्राचा ग्रंथकर्ता आणि उपकारांचा हिशेब मोडू पाहणारा पौल, यांच्यात अंतर होतं ते एवढंच.

हिशेब त्यानं मोडला कसा, ते फिलिप्पैकरांच्या पत्रात दिसतं. पौल कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली; तो वाटेत की पोचल्यावर आजारी पडून मरता मरता वाचला. पत्राच्या शेवटी पौल मदत मिळाल्याचं लिहितो, त्यांचं कौतुक करतो, 'देणं-घेणं' असा हिशेबाचा शब्दही वापरतो. 'मला सगळं मिळालं' या अर्थाचं त्याचं ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर असायचं. पण 'मी तुमचा आभारी आहे' हे वाक्य तिथे नाही. अभ्यासक याला 'आभारांविना आभार' म्हणतात. पावती दिली, कर्ज मात्र कबूल केलं नाही: तुमची गरज माझा देव भागवील. दोघांमधला व्यवहार त्यानं तिघांचा केला आणि तिसऱ्याच्या खात्यात टाकला.

अर्थात पौलाला हे कायम जमलं, असं नाही. फिलेमोनला लिहिताना त्याच्याकडून पळून आलेल्या दासाला, अनेसिमाला, 'प्रिय बंधू' म्हणून घरात घे, असं तो सांगतो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो, आणि जाता जाता टोचतोही: तूच स्वतः माझा ऋणी आहेस, ते काही मी बोलत नाही! जुनी सवय.

'बंधू' हा शब्द वापरणं सोपं नव्हतं. येशूची आई आणि भाऊ दाराशी आल्याचा निरोप आला, तेव्हा भोवती बसलेल्यांकडे पाहून तो म्हणाला, देवाच्या इच्छेप्रमाणे करणारे ते माझे भाऊ, बहीण आणि आई. मार्कच्या शुभवर्तमानात हे आहे. घरच्या देवतांची पूजा सोडणाऱ्याला घरही सुटायचं, म्हणून दुसरं घर लागायचं. ग्रीकमध्ये मंडळीला 'एक्लेसिया' म्हणत, म्हणजे नगराच्या नागरिकांची सभा. मराठी बायबलनं त्यासाठी 'मंडळी' शब्द घेतला आणि घरची मंडळी, जेवायला बसलेली मंडळी असा एक घरगुती सूर आपोआप त्यात आला. हा भाषांतराचा योगायोग असेल, पण तो फळला. बाहेरच्यांना मात्र हे भाऊ-बहीण प्रकरण संशयास्पद वाटे. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, मग अंधारात काय काय चालत असेल, असे आरोप होत, आणि मिनुशियस फेलिक्स या लॅटिन लेखकानं ते नोंदवून खोडून काढले आहेत.

रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय वाचनात बहुतेकदा गाळला जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत. तो गाळू नये. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी, 'पुष्कळांना आणि मलाही साहाय्य करणारी'. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांनी पौलासाठी स्वतःची मान धोक्यात घातली. 'केवळ मीच नव्हे, तर परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) सगळ्या मंडळ्या त्यांच्या आभारी आहेत'. म्हणजे माणसांचे सरळ आभार मानायलाही पौलाची ना नव्हती. रूफ आणि त्याची आई, 'जी माझीही आई'. त्या बाईनं पौलासाठी काय केलं, कुठे केलं, एक अक्षर नाही. पत्र उतरून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःचा नमस्कार घुसवतो. आणि शेवटी 'बंधू क्वर्त'. क्वर्त म्हणजे चौथा. गुलामांना अशी आकड्यांची नावं सर्रास असत. त्याच्याबद्दल एवढीच माहिती: भाऊ.

पत्रातली ही सवय लवकरच उपासनेत शिरली. प्रभुभोजनालाच 'युखारिस्तिया', म्हणजे उपकारस्तुती, हे नाव पडलं. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकानं रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: वाचन, उपदेश, मग अध्यक्ष जमेल तेवढा वेळ देवाचे आभार मानतो, लोक 'आमेन' म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. गोळा झालेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी.

शंभर वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन शेजारच्या नुमिदियातल्या बिशपांना पत्र लिहितो. तिथले ख्रिस्ती लोक टोळ्यांनी पळवून नेले होते. त्यांना सोडवायला कार्थेजच्या मंडळीनं १,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) जमवले, ती रक्कम सिप्रियननं पाठवली आणि सोबत देणाऱ्यांची नावं जोडली. कशासाठी? प्रार्थनेत त्यांची आठवण व्हावी म्हणून. देणगीदारांची नावं त्या काळी दगडावर कोरली जात. इथे ती प्रार्थनेसाठी पत्रासोबत गेली. मानाची हाव पुरती गेली असेल, असं मी म्हणणार नाही.

चौथ्या-पाचव्या शतकांत याची रीत झाली. बिजागरीनं जोडलेल्या दोन पाट्या असत, त्यांना 'डिप्टिक' म्हणत. त्यांवर जिवंतांची आणि मृतांची नावं, आणि ती उपासनेत वाचली जात. यादी आली की राजकारणही आलंच. नाव वाचणं म्हणजे नातं मान्य करणं, म्हणून नाव खोडणं हे शस्त्र झालं. ५१९ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातली ३५ वर्षांची फूट मिटली, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलचा कधीच मेलेला प्रमुख धर्मगुरू अकाशियस याचं नाव पाटीवरून खोडणं ही तडजोडीची अट होती. आभारांच्या यादीची अशी बहिष्काराची यादी झाली.

मठांनी हीच रीत मोठ्या प्रेमानं चालवली. कॉन्स्टन्स सरोवरातल्या राइखेनाऊ बेटावरच्या मठात ८२४ च्या सुमारास एक 'बंधुत्वाचं पुस्तक' सुरू झालं. त्यात आज सुमारे ३८,००० नावं मोजली जातात, बरीचशी दूरदूरच्या मठांतली. डरहॅमच्या नवव्या शतकातल्या अशाच पुस्तकात नावं सोन्या-चांदीच्या शाईनं लिहिली आहेत. एवढी नावं रोज वाचणं अशक्यच होतं. पुस्तक वेदीवर ठेवलं की नावं देवापुढे ठेवली, असं मानत.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मृतांसाठीच्या प्रार्थना सोडल्या आणि याद्याही बऱ्याच अंशी गेल्या. सहविश्वासूंबद्दलच्या कृतज्ञतेला पुन्हा उभारी आली ती सॅक्सनीतल्या हेर्नहुट या वस्तीत. काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर १७२२ पासून मोराव्हियाचे निर्वासित येऊन राहू लागले आणि पाच वर्षांत आपसात कडाडून भांडले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसताना त्यांच्यात समेट झाला. त्यानंतर काही जण घरी न जाता घोळक्या-घोळक्यानं बोलत राहिले, त्यांना जेवण पाठवण्यात आलं, आणि जुन्या प्रीतिभोजनाची प्रथा तिथून नव्यानं रुजली. मोराव्हियन लोकांनी आणखी एक सुंदर गोष्ट केली. प्रत्येक सभासदानं स्वतःची जीवनकथा लिहून ठेवायची आणि अंत्यविधीच्या वेळी ती मंडळीपुढे वाचली जायची. यादीतल्या नावाला चेहरा आला. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं प्रीतिभोजन त्यांच्याकडूनच उचललं. मेथडिस्टांच्या बैठकीत भाकरी किंवा केक, दोन कानांचा पेला भरून पाणी आणि साक्षी, असा बेत असे. आत शिरायला तिकीट लागे!

विसाव्या शतकात हा विषय सर्वांत कडक शब्दांत मांडला जर्मन पाळक डिट्रिश बॉनहोफरनं. १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्डे इथे तो नाझींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मंडळीच्या पाळकांना शिकवत होता. तिथे एक नियम होता: भावाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही, बोललंच तर त्याला जाऊन सांगायचं. बॉनहोफरचं म्हणणं साधारण असं, की आदर्श मंडळीचं स्वप्न उराशी धरणारा माणूस समोरच्या मंडळीचा घात करतो. मिळालेली माणसं साधी, कटकटी असली तरी त्यांच्याबद्दल आधी देवाचे उपकार मानावेत. पाळकांनी तर देवापुढे मंडळीच्या तक्रारी नेऊच नयेत, असंही तो म्हणे. करिंथच्या पत्राचीच वाट ही. नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, १९३७ मध्ये ती शाळा बंद केली. बॉनहोफर माजी विद्यार्थ्यांना परिपत्रकं पाठवत राहिला, आणि युद्ध सुरू झाल्यावर त्या पत्रांत रणांगणावर पडलेल्या भावांची नावं येऊ लागली.

रोमन मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, सर्वांत जुन्या उपकारप्रार्थनेत 'प्रभू, तुझ्या सेवकांची आठवण ठेव' या शब्दांपुढे छापील पुस्तकात नाव नसतं, 'अमुक आणि अमुक' अशी नुसती खूण असते. डिप्टिकच्या पाट्या गेल्या, ती जागा राहिली. धर्मगुरू तिथे हात जोडून क्षणभर थांबतो.