पर्माकल्चर आणि नैसर्गिक शेती: एकच समजू नका

हल्ली कोणी परसात पालापाचोळा पसरून चार वांगी लावली की लगेच "आम्ही पर्माकल्चर करतो" म्हणतं, आणि खरंच पर्माकल्चर करणाऱ्याला लोक हमखास विचारतात, जीवामृत (नैसर्गिक शेतीतलं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) कितीदा देता? दोन्हीत केमिकल नाही, दोन्हीत जमीन झाकलेली, मग गोंधळ होणारच.

नैसर्गिक शेती म्हणजे पीक कसं घ्यायचं त्याची पद्धत. आपल्याकडे ती पोचली विदर्भातल्या सुभाष पाळेकरांमुळे (2016 ची पद्मश्री). जीवामृत करायचं तर 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती, पिंप सावलीत ठेवून ढवळत राहायचं आणि दोनेक दिवसांनी एकरभर द्यायचं. एका गाईवर 30 एकर होते असं त्यांचं म्हणणं. जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका तर याच्याही पुढचे, नांगरट नाही, तयार कंपोस्टसुद्धा नाही, त्यांना आपलं जीवामृतही उद्योग वाटला असता!

पर्माकल्चर हा जागेचा आराखडा आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात तो मांडला. यात काय फवारायचं हा प्रश्न फार नंतर येतो. आधी भर पावसात छत्री घेऊन जागेत फिरायचं, पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, माती कुठून वाहून जाते ते बघायचं, मग उताराला आडवे समतल चर काढायचे, चरातली माती खालच्या अंगाला टाकून बांध करायचा आणि त्या बांधावर झाडं लावायची म्हणजे मुरलेलं पाणी थेट मुळांना मिळतं. रोज लागणारं, म्हणजे कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर, स्वयंपाकघराच्या दाराशी, शेवगा-पपई थोडी लांब आणि वर्षातून एकदाच धरणारा फणस पार कुंपणाला. मोरीचं पाणी केळी-अळूला सोडायचं हे कोकणात कुठलाही कोर्स न करता चालत आलंय, तेही यातच बसतं.

कष्टाचं म्हणाल तर नैसर्गिक शेतीत ते विभागून येतात, गाय सांभाळा, पिंप भरा, परत भरा. पर्माकल्चरमध्ये पहिली दोन-तीन वर्षं खणून खणून कंबर मोडते, मग झाडं बरंचसं सांभाळून घेतात, भाजीच्या वाफ्याकडे मात्र बघावंच लागतं.

माझ्या मते दोन एकर सोयाबीनवाल्याने खुशाल जीवामृतापासून सुरू करावं. घराभोवती पाच-दहा गुंठे असतील आणि गाय नसेल तर आधी कागदावर आराखडा काढा. दोन्ही एकत्रही जमतं, पण आराखडा पहिला, कारण जीवामृत पुढच्या महिन्यात दिलं तरी चालतं, भलत्या जागी लावलेला फणस पाच वर्षांनी उचलून हलवता येत नाही.