चुंबक बांधून पाण्याची ‘रचना’ बदलत नाही

चिकोडी-निपाणी भागात बोअरच्या पाईपला काळं चुंबक बांधलेलं हल्ली बरंच दिसतं. विकणारा सांगतो, चुंबकामुळे पाण्यातले हायड्रोजन बंध सुटतात, पाणी ‘बारीक’ होतं, आणि उसाच्या मुळापर्यंत तसंच पोचतं. ऐकायला पटतं, पण हे खरं नाही.

हायड्रोजन बंध म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनची लागलेली ओढ. ही ओढ वर्णपटात, म्हणजे कोणता प्रकाश किती शोषला गेला याच्या आलेखात, दिसते. पाण्याच्या वाफेत रेणू सुटे असतात, तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजन जोडी ताणली जाताना अवरक्त प्रकाश 3657 आणि 3756 प्रति सेंटीमीटरला शोषते (आकडा मोठा, तेवढं कंपन वेगवान). द्रव पाण्यात तीच खूण 3400च्या आसपास सरकते आणि चांगली रुंद होते, बर्फात 3200च्या जवळ जाते. शेजाऱ्याची ओढ वाढली की मूळ जोडी सैल पडते, कंपन मंदावतं. रेषा न दिसता उंचवटा दिसतो, कारण दर रेणूला ओढ वेगळी. मला तरी हा आलेख फार देखणा वाटतो.

आणि अतिवेगवान लेसरने मोजल्यावर कळलं, द्रव पाण्यात हे बंध साधारण एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, जोडीदार बदलतात. मोटरपासून सरीपर्यंत पाण्याला काही मिनिटं लागतात. चुंबकाने घडवलेली ‘रचना’ तोवर कुठून टिकणार?

बोअरचं पाणी खारं असेल तर त्यात क्षार आहेत. ते पाणी-परीक्षणातच कळतात. चुंबकाआधी तेवढं परीक्षण करून घ्या.