स्कूटरचे व्हेरिओमॅटिक : देखभाल व दुरुस्ती

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी, पट्टा व दोन पुल्यांची यंत्रणा. गॅरेजच्या भाषेत ‘बेल्ट-क्लचचं काम’ म्हणतात ते याचेच. ही कल्पना मोटारींत हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये आणली. भारतीय घराघरांत ती पोहोचली १९८० च्या दशकात, पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर काढलेल्या कायनेटिक होंडामुळे. आज ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस या सगळ्यांत हीच मांडणी आहे.

पुढची पुली (व्हेरिएटर) क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, टोकावर बसते. तिच्या आत बहुधा सहा रोलर असतात. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेर सरकतात, पुलीचा हलता फेस (बाजूची चकती) दुसऱ्या फेसकडे ढकलतात आणि पट्टा वर चढतो. मागे त्याच वेळी पट्टा स्प्रिंगचा जोर मोडून फेस फाकवतो आणि आत उतरतो. मागच्या पुलीला जोडलेले क्लच शू (अस्तर लावलेले तुकडे) मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फाकून क्लच बेलला (भोवतालच्या वाटीला) धरतात, मग शेवटच्या गिअरमधून (चाकाजवळच्या, न बदलणाऱ्या गिअरमधून) चाक फिरते. बंद इंजिनात क्लच सुटलेला असतो, म्हणून अशी स्कूटर ढकलून चालू होत नाही.

पट्टा लांबीने फारसा वाढत नाही, तो रुंदीने झिजतो आणि नुकसान दोन्हीकडून करतो. गाडी सुटताना पट्टा मागच्या पुलीत खोल बसल्यामुळे पिकअप जातो, आणि वेगात पुढच्या पुलीच्या काठापर्यंत चढत नाही म्हणून टॉप स्पीड घटतो. बऱ्याच ११० सीसी स्कूटरना साधारण २०,००० ते २५,००० किमीला पट्टा बदलायला सांगितलेले असते. पण किलोमीटरवर विसंबण्यापेक्षा व्हर्नियरने रुंदी मोजावी, आणि पट्टा उलटा वाकवून दातांच्या बुडाशी भेगा पाहाव्यात. भेग दिसली की मोजमाप कितीही चांगले असो, पट्टा काढावा. पट्टा तुटला तर इंजिन चालू राहते, गाडी जागची हलत नाही. त्याचे धागे क्लचभोवती गुंडाळून बसले तर खर्च वाढतो.

कव्हर न उघडता लक्षणांवरून बराच अंदाज येतो. सुटताना गाडी थरथरत असेल तर शू काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात किंवा त्यांना तेल लागलेले असते. फेऱ्या वाढतात पण वेग येत नाही, हे घसरणाऱ्या पट्ट्याचे किंवा क्लचचे लक्षण. आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) खडखड आणि ॲक्सिलरेटर दिला की बंद, असे असेल तर व्हेरिएटरच्या प्लेटचे तीन प्लॅस्टिकचे स्लायडर पाहावेत. आयडलवर गाडी पुढे सरकत असेल तर आधी आयडलिंग कमी करून बघावे, मगच क्लचच्या छोट्या स्प्रिंगांवर संशय घ्यावा. चाकाकडून वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ आवाज बहुतेक वेळा शेवटच्या गिअरच्या बेअरिंगचा असतो.

पट्टा काठापर्यंत चढतो का, हे तपासायची साधी युक्ती आहे. पुढच्या पुलीच्या फेसवर मध्यापासून काठापर्यंत मार्करने रेघ ओढावी, कव्हर बसवून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगात एक फेरी मारावी आणि पुन्हा उघडावे. रेघ जिथपर्यंत पुसली तिथपर्यंतच पट्टा पोहोचतो. काठाजवळ चार-पाच मिमी शाई शिल्लक असेल तर पट्टा किंवा रोलर झिजलेले आहेत. रोलरला एका बाजूला सपाट चट्टा पडला की तो रुळावर सरकत नाही, अडकतो. सहाचा संच एकदमच बदलावा. बरेच रोलर दोन बाजूंनी सारखे नसतात. ते ठरलेल्या दिशेनेच बसवायचे असतात.

काम थंड इंजिनावर करावे. आतली काळी पूड हवेच्या प्रेशरने उडवण्याची सवय वाईट. ओल्या फडक्याने पुसावी, मास्क लावावा. पुली धरायला होल्डर वापरावा. पुढच्या पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट सोडला की पाती तुटतात, आणि हे फार ठिकाणी चालते. मागची पुली उघडायची तर स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर हवाच. मोठा नट नुसता हाताने सोडला तर स्प्रिंग तोंडावर उडते. शूचे अस्तर २ मिमीपर्यंत आले की बदलावे, बेल निळी पडली असेल तर तिचा आतला व्यासही मोजावा. ग्रीस फक्त मागच्या पुलीच्या पिनांच्या खाचांत आणि बेअरिंगला, तेही बेताने. जास्तीचे फेकले जाऊन पट्ट्याला लागते. रोलर बहुतेक मॉडेलांत कोरडेच ठेवतात. काही जुन्या होंडात ग्रीस सांगितलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक बसवताना होते. मागच्या पुलीचे फेस हाताने फाकवून पट्टा आत खोल दाबावा, म्हणजे पुढे ढील मिळते. ही ढील नसेल तर पट्टा पुढच्या दोन फेसमध्ये चिमटला जातो, बाहेरचा फेस बुशला (मधल्या नळीला) टेकतच नाही. नट कसला गेल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंचही (ठरलेला कस मोजणारा पाना) ‘टक्’ करतो. गाडी चालू होताच पट्टा सरकतो, नट ढिला पडतो आणि क्रँकचे स्प्लाइन (पुली धरणाऱ्या खाचा) खाल्ले जातात. म्हणून नट कसण्यापूर्वी पट्टा हाताने हलतो का, हे पाहावे. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. टॉर्कचा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा, मॉडेलागणिक तो बराच बदलतो. इम्पॅक्ट गनने (यंत्राच्या पान्याने) शेवटचा कस देऊ नये.

शेवटच्या गिअरचे तेल इंजिनपासून वेगळे असते आणि सर्व्हिसिंगमध्ये सर्रास विसरले जाते. प्रमाण जेमतेम १०० ते १३० मिली. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. मुंबई-ठाण्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या स्कूटरचे हे तेल बदलावे, शिवाय बेल्टच्या कव्हराच्या तळाची नळी काढून पाणी सोडावे. ओला पट्टा घसरतो, पण सुकला की पूर्ववत होतो. तेल लागलेला मात्र टाकूनच द्यावा, आणि आधी गळणारे सील बदलावे. घाटात डबलसीट असताना चढावर ब्रेक न धरता ॲक्सिलरेटरवर गाडी उभी ठेवली, की शू काही मिनिटांत जळतात.