व्हॅटिकन म्युझियम आणि सेंट पीटर्स: शेजारी शेजारी, पण रांगा दोन

रोमचा प्लॅन करताना फॅमिली ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न, "व्हॅटिकनचं तिकीट काढलं, त्यात सगळं येतं ना?" नाही येत. मुळात व्हॅटिकनचं तिकीट असं काही नसतंच. तिकीट असतं ते व्हॅटिकन म्युझियमचं. आणि सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे मोठा घुमट आणि समोर खांबांनी वेढलेला चौक असलेलं ते चर्च, तिथे आत जायला पैसेच लागत नाहीत. दोन्ही त्या ४४ हेक्टरच्या चिमुकल्या देशातच आहेत (१९२९ च्या करारापासून कागदोपत्री वेगळा देश, पण बॉर्डर चेकिंग वगैरे काही नाही, इटलीचा शेंगेन व्हिसा पुरतो), पण दारं वेगळी, रांगा वेगळ्या, नियम वेगळे. एखाद्या मोठ्या वाड्याचं एक दार या गल्लीत आणि दुसरं पार मागच्या गल्लीत असावं तसं.

बॅसिलिकेत जायचं तर सान पिएत्रो (सेंट पीटर्सचंच इटालियन नाव) चौकातून. म्युझियमचं दार उत्तरेला, विआले व्हॅतिकानो नावाच्या रस्त्यावर, आणि तिथून चौकात यायचं म्हणजे त्या उंच भिंतीच्या कडेकडेने पंधरा-वीस मिनिटं चाल. मेट्रोच्या ए लाइनवर ओत्ताव्हियानोला उतरलात तर दोन्ही जमतं. पण मॅपवर नुसतं "व्हॅटिकन" टाकून निघालात तर भलत्याच दाराशी पोचाल आणि हातातल्या तिकिटावरची वेळ टळून जाईल.

खरा गोंधळ सिस्टीन चॅपलचा, म्हणजे मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या त्या प्रार्थनागृहाचा. ते बॅसिलिकेला खेटून उभं आहे, त्यामुळे लोक ते बॅसिलिकेत शोधत फिरतात, पण पर्यटकांना तिथे जायचा रस्ता म्युझियममधून, तेही जवळजवळ सगळ्यात शेवटी, नकाशांची ती लांबलचक गॅलरी आणि चित्रकार राफाएलच्या खोल्या वगैरे करत करत. टीव्हीनेही यात भर घातलीय. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे निवडले गेले तेव्हा पांढरा धूर निघाला तो सिस्टीनच्या छपरावरच्या धुराड्यातून, आणि नवे पोप दिसले ते बॅसिलिकेच्या बाल्कनीत, बघणाऱ्याला वाटतं एकच बिल्डिंग.

मायकेलअँजेलोसुद्धा असाच दोन रांगांत वाटला गेलाय. सिस्टीनचं छत (१५०८ ते १५१२) आणि समोरच्या भिंतीवरचं लास्ट जजमेंट हे चित्र म्युझियमच्या तिकिटात. त्याची पिएता, म्हणजे मेरीच्या मांडीवर येशूचा मृतदेह असलेलं ते संगमरवरी शिल्प, त्याने पंचविशीच्या आत केलेलं, ते बॅसिलिकेत शिरल्याशिरल्या उजव्या हाताला, फुकट. १९७२ मध्ये एका माणसाने त्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून काचेमागे आहे. घुमटाचं डिझाइनही त्याचंच, पण तो पूर्ण झाला १५९० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

सिस्टीनमधून थेट बॅसिलिकेकडे उतरणारं एक आतलं दार आहे हे खरं, आणि जुन्या व्हिडिओंत "तिथून गुपचूप सटका" असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो रस्ता गाइडबरोबरच्या ग्रुप्ससाठी ठेवलेला असतो आणि कधी कधी तोही बंद असतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर दिवस आखू नका. पुन्हा बाहेर पडायचं, चालायचं आणि चौकातल्या सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहायचं असंच धरून चाला. त्या तपासणीतून कोणाचीच सुटका नाही, तेव्हा गल्लीत कोणी "बॅसिलिका, स्किप द लाइन" म्हणत मागे लागला तर सरळ पुढे चालायला लागा.

म्युझियमचं तिकीट मात्र ऑफिशियल साइटवरून आधीच काढा, सीझनमध्ये स्लॉट भराभर संपतात. आणि आत अडीच-तीन तास सहज जातात. माझं मत विचाराल तर सकाळी सातला बॅसिलिका उघडते तेव्हाच ती उरकावी, गर्दी नसते, ऊन नसतं, आणि म्युझियमला दुपारचा स्लॉट घ्यावा. त्याच दिवशी कोलोसियम घुसवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. घरातली मोठी माणसं बरोबर असतील आणि एकच काहीतरी जमणार असेल तर मी बॅसिलिका निवडेन. चित्रांची खरी आवड असेल तरच म्युझियम, नाहीतर तो नुसता गर्दीत ढकलत नेणारा कॉरिडॉर होतो.

घुमटावर चढायचं तिकीट तिसरंच, ते बॅसिलिकेकडे मिळतं. ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच, आणि वरच्या टप्प्यात भिंत तिरकी होत अंगावर येते, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

कपड्यांचा नियम दोन्हीकडे सारखाच, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात बॅगेत एक ओढणी असू द्या. फोटोचं मात्र वेगळं आहे, बॅसिलिकेत काढता येतात, म्युझियममध्ये फ्लॅशशिवाय चालतात, सिस्टीनमध्ये अजिबात नाही, गार्ड सारखे ओरडत असतात.

वार बघून जा. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक सभा चौकात असली की बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असू शकते, म्युझियम मात्र चालू. रविवारी उलटं, बॅसिलिका उघडी आणि म्युझियम बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट उघडतं, आणि त्या दिवशीची रांग बघितलीत तर तिकिटाचे पैसे स्वस्त वाटतील.