स्लॅबच्या पोटातला तापमापक किती खरे सांगतो?

जानेवारीच्या पहाटे नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच थंडीत गंगापूर रोडवर टाकलेल्या स्लॅबचे टेकू कधी काढायचे, हे प्रयोगशाळेतले १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे, नीट सांगू शकत नाहीत. ते २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात निवांत पडलेले असतात आणि स्लॅब उघड्यावर कुडकुडत असतो.

हा फरक जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी शीतन मनोऱ्याचे बांधकाम कोसळून ५१ कामगार दगावले. मचाण ज्या काँक्रीटला जखडलेले होते, ते जेमतेम एका दिवसाचे होते आणि थंडीमुळे त्यात पुरेशी ताकद आलेली नव्हती.

सिमेंट आणि पाणी यांची अभिक्रिया उष्णतेत वेगाने व थंडीत सावकाश होते. त्यामुळे तापमान आणि काळ यांचा हिशेब एकत्र मांडला तर ताकदीचा अंदाज येतो, हा परिपक्वता पद्धतीचा पाया असून संशोधक सॉल यांनी १९५१ मध्ये तो नियमरूपात मांडला. सळईला बांधलेला संवेदक दर तासाचे तापमान नोंदवतो. त्यातून एक आधार तापमान, म्हणजे ज्याच्याखाली काँक्रीटची ताकद वाढत नाही असे मानतात ते तापमान, वजा करून येणाऱ्या आकड्यांची बेरीज करायची आणि त्याच मिश्रणाच्या क्यूबवरून आधीच काढलेल्या आलेखावर ती ताडून पाहायची.

पहिली मेख आधार तापमानातच आहे. समजा, ३० अंशांवर तीन दिवसांत येणारी परिपक्वता १५ अंशांवर किती दिवसांत येईल? आधार शून्य अंश धरला तर सहा दिवसांत. जुन्या प्रथेप्रमाणे उणे दहा धरला तर पाच दिवसही लागत नाहीत. स्लॅब तोच, नोंदी त्याच, पण टेकू एक दिवस आधी निघतात! म्हणून हा आकडा पुस्तकातून उचलण्यापेक्षा आपल्या सिमेंटवर प्रयोग करून काढणे बरे, विशेषतः एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीज केंद्रातील राख मिश्रणात असेल तेव्हा.

दुसरी मेख अधिक साधी आणि, माझ्या मते, अधिक घातक आहे. काँक्रीट घट्ट वाटले म्हणून कोणी मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्तीचे ओतले, तर ताकद घटते. संवेदकाला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हायब्रेटर नीट फिरला नाही, तरी तेच. गोणपाट वाळले आणि पाणी मारणे थांबले, तर अभिक्रिया मंदावते, परंतु परिपक्वतेची बेरीज मात्र उन्हात जोमाने वाढतच राहते. शिवाय एप्रिलच्या उन्हात सुरुवातीलाच तापलेले काँक्रीट लवकर ताकद धरते, पण २८ दिवसांनंतर बहुधा थंडाव्यात मुरलेल्या काँक्रीटच्या मागे पडते. साध्या बेरजेत हे दिसत नाही.

म्हणूनच एएसटीएम सी १०७४ या अमेरिकी मानकात परिपक्वतेच्या आकड्याला अन्य चाचणीची जोड देण्यास सांगितले आहे. संवेदक जाड तुळईच्या गाभ्यात न ठेवता स्लॅबच्या पातळ, वाऱ्यावरच्या कडेला बांधावा, आणि त्याच मिक्सरमधून भरलेले चार-सहा क्यूब त्याच स्लॅबवर, त्याच गोणपाटाखाली ठेवून टेकू काढण्याआधी फोडून पाहावेत.