फायनल का उडतात?

हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "अँटेना बरोबर नव्हता, फायनल उडाले." फायनल म्हणजे ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातले पॉवर ट्रान्झिस्टर. का उडाले, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. अँटेनाने पॉवर घेतली नाही, ती केबलमधून परत आली आणि तिने ट्रान्झिस्टर जाळले. ऐकायला पटतं, पण हे अर्धंच खरं आहे.

उदाहरण घेऊ ४० मीटर बँडचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचं. १०० वॅटची रिग (रेडिओ संच), १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, ५० ओहमची कोॲक्स केबल (मध्ये तार, भोवती जाळी) आणि टोकाला साधारण २० मीटर लांबीचा तारेचा डायपोल अँटेना. डायपोलही ५० ओहमचा दिसत असेल तर सगळी पॉवर त्यात जाते. केबलवर कुठेही मोजा, व्होल्टेजचं शिखर १०० व्होल्टच.

आता अँटेना ५० ऐवजी १५० ओहमचा झाला असं समजा. टोकाशी पोचलेल्या व्होल्टेजच्या लाटेपैकी निम्मी लाट माघारी फिरते. पॉवरच्या हिशेबात हे २५ टक्के. मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे केबलवरच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचं गुणोत्तर, ३ दिसतो. जाणारी आणि येणारी लाट एकाच तारेवर असल्यामुळे काही ठिकाणी त्यांची बेरीज होते, काही ठिकाणी वजाबाकी. पुढे जाणारी लाट १०० व्होल्टचीच राहिली, तर एका जागी १५० व्होल्ट आणि दुसऱ्या जागी फक्त ५०. या दोन जागांमधलं अंतर पाव तरंगलांबीचं असतं. नेहमीच्या कोॲक्समध्ये या बँडवर ते जेमतेम ७ मीटर भरतं.

खरी मेख इथे आहे. केबल एका लांबीची असेल तर ॲम्प्लिफायरला, म्हणजे फायनलच्या टप्प्याला, समोर १५० ओहम दिसतात. तीच केबल ७ मीटरने वाढवली तर दिसतात १७. अँटेना तोच, मीटरवरचा आकडाही तोच ३, पण ट्रान्झिस्टरचं दुखणं पार वेगळं.

ते का, हे रिगचं झाकण उघडलं की कळतं. १३.८ व्होल्टवर १०० वॅट काढायचे तर ट्रान्झिस्टरच्या जोडीला समोर ३ ओहमच्या आसपासचा लोड (समोर दिसणारा रोध) लागतो. म्हणून आउटपुटला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा ठसठशीत ट्रान्सफॉर्मर असतो, जो ५० ओहमला १६ने भागून दाखवतो. बाहेर १७ ओहम असतील तर आत दिसतो जेमतेम १ ओहम. करंट चढतो आणि सिलिकॉनचा तुकडा तापतो. बाहेर १५० असतील तर आत ९ ओहम दिसतात. मग करंट घटतो, पण व्होल्टेज उसळतं. एरवीसुद्धा ड्रेनवरचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या टोकावरचं, व्होल्टेज सप्लायच्या दुपटीपर्यंत, म्हणजे २७ व्होल्टपर्यंत झुलत असतं, आणि अशा रिगमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही मॉसफेट ट्रान्झिस्टरची सहनशक्ती ५० व्होल्टला संपते.

म्हणजे ट्रान्झिस्टरला मारते ती "परत आलेली पॉवर" नव्हे. लोड बिघडल्यामुळे सप्लायमधून घेतलेल्या पॉवरची रेडिओलहर होत नाही, ती ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होऊन मुरते, किंवा व्होल्टेज मर्यादा ओलांडतं. एखाद्या लांबीच्या केबलवर तर एसडब्ल्यूआर वाईट असूनही रिग नेहमीपेक्षा थंड चालते!

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, जमान्यात याची एवढी धास्ती नव्हती. ८०७ किंवा ६१४६ या व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायची, ते डोळ्यांना दिसायचं, आणि नॉब फिरवून ट्यून करायला काही सेकंद हाताशी असायचे. सिलिकॉन तेवढा वेळ देत नाही.

म्हणून पहारा इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवला आहे. कॉलिन्स रेडिओचे इंजिनिअर वॉरेन ब्रुएन यांनी १९५९ साली मांडलेला ब्रिज (जाणारी आणि येणारी लाट वेगवेगळी मोजणारं सर्किट) आजही थोड्याफार फरकाने अनेक मीटरमध्ये सापडतो. अँटेनाकडे जाणारी तार एका छोट्या फेराइट रिंगमधून नेतात, त्यातून करंटचा नमुना मिळतो. दोन कपॅसिटरच्या जोडीतून व्होल्टेजचा नमुना मिळतो. दोन्हींची बेरीज केली की जाणारी लाट, वजाबाकी केली की येणारी. येणाऱ्या लाटेचं डायोडने डीसी करून ते एएलसीला, म्हणजे पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटला, दिलं जातं. एएलसी ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) कमी करतं आणि पॉवर उतरते. बऱ्याच रिगमध्ये हे एसडब्ल्यूआर २ ते ३च्या दरम्यान सुरू होतं. "रिग पॉवरच देत नाही" अशी तक्रार करणाऱ्याने आधी गच्चीवर जाऊन अँटेना बघावा.

एएलसीला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. पॉवर चालू असताना अँटेना स्विच फिरवला, तर पहिला दणका ट्रान्झिस्टरलाच बसतो. किलोवॅटच्या ॲम्प्लिफायरमध्ये म्हणूनच मर्यादा ओलांडली की बायस (ट्रान्झिस्टरला चालू ठेवणारं व्होल्टेज) तोडून टाकणारं वेगळं सर्किट असतं. तिथले एलडीमॉस जातीचे काही पॉवर ट्रान्झिस्टर ६५ एसडब्ल्यूआर सोसतात, असं त्यांची डेटाशीट सांगते. पण ती चाचणी छोट्या पल्सवर घेतलेली असते, तासभर गप्पा मारण्यावर नाही.

व्हीएचएफ रिपीटरवर (ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रावर) आणखी देखणा उपाय असतो, तो म्हणजे सर्क्युलेटर. फेराइट आणि चुंबकाची ही डबी चौकातल्या सर्कलसारखी चालते, वळायचं एकाच दिशेने. ट्रान्समीटरमधून आलेली पॉवर अँटेनाकडे वळते आणि अँटेनाकडून परतलेली डमी लोडकडे, म्हणजे पॉवर उष्णतेत जिरवणाऱ्या रोधाकडे. ॲम्प्लिफायरला कायम ५० ओहमच दिसतात. ७ मेगाहर्ट्झला मात्र हा प्रकार आकारामुळे परवडत नाही. तिथे रिगला ५० ओहम दाखवणारं जुळणीचं सर्किट, म्हणजे ट्यूनर, लावतात. तो रिगला खूश ठेवतो, पण त्याच्या पलीकडच्या केबलवर लाटा पूर्वीसारख्याच येत-जात राहतात.

आणि मीटर छान आकडा दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नये. एकदोन पावसाळे गच्चीवर काढलेली, कनेक्टरमधून पाणी प्यायलेली केबल सोलून पाहिली तर आतली जाळी काळवंडलेली दिसते. अशा केबलने जाताना निम्मी पॉवर खाल्ली आणि येतानाही निम्मी खाल्ली, तर अँटेना पूर्ण तुटून पडला तरी रिगपाशी एसडब्ल्यूआर ३च दिसेल. अर्धवट तुटला तर दीड-दोन, म्हणजे उत्तम. फायनल सुखरूप, एएलसी शांत, आणि बाहेर मात्र सिग्नलचा पत्ता नाही. केबलच्या लांबच्या टोकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावून दोन्ही टोकांना पॉवर मोजली की ही चोरी लगेच पकडता येते.